सातशे फूट कुठे गेले
असोद्याच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला शालिग्राम पुढे वैमानिक झाला, पण रजेवर गावी आला की घरी कमी आणि माझ्या वर्गातच जास्त असायचा. पंचावन्न साली त्याने सातवीच्या मुलांकडून पुठ्ठ्याचे कोनमापक करून घेतले, त्यांना दोरा आणि खडा बांधला आणि म्हणाला, "सोमवारी दुपारी मी मुंबईहून नागपूरला जाताना तुमच्या डोक्यावरून जाईन. माझं विमान किती उंच आहे, ते मोजून कळवा." मुलांनी दोन शेतांतून कोन मोजले, गणित मांडले आणि कार्ड धाडले: सहा हजार तीनशे फूट. त्याचे उत्तर आले, "माझ्या विमानातला उंचीचा काटा सात हजार दाखवत होता. सातशे फूट कुठे गेले, ते शोधा." मी मुलांवरच चिडलो. तीनदा गणित करायला लावले, तरी उत्तर हलेना. शेवटी केळीच्या बागेतून धावत शाळेत येणारी सुगंधा म्हणाली, "गुरुजी, शालिग्रामभाऊंचा काटा कुठून मोजतो, ते इचारा ना." विचारले. परतीच्या कार्डावर एकच शब्द होता, "समुद्रापासून." आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. सुगंधाने सारवलेल्या जमिनीवर तळहात टेकवला आणि हळूच विचारले, "म्हंजे गुरुजी, आपन बी सातशे फूट वरतीच हाये?" वीस वर्षे मी त्याच जमिनीवर भूगोल शिकवत होतो. "हो" म्हणायला खुर्चीवरून उठलो, तेव्हा पाऊल मात्र जपून टाकले.