चार माणसांचं पाणी

आलेखावर रोज सकाळी चार उंचवटे होते. गटाराच्या चेंबरमध्ये, झाकणाखाली आठवडाभर टांगलेल्या, वाहतं पाणी मोजणाऱ्या मीटरने ते टिपले होते.

"गल्लीत एकच घर उरलंय, सर, पण भरलेलं आहे," सहकारी बाई म्हणाल्या. "चार माणसं. आपल्या नियमात बसतं. दुरुस्तीच्या यादीत घेऊ?"

नियम इंजिनिअरचाच होता. जुनी गटारं जागोजाग फुटलेली, सगळी दुरुस्त करणं परवडणारं नव्हतं. म्हणून तीनपेक्षा कमी माणसांसाठी गल्ली खोदायची नाही, लाइन बंद करून त्यांना दुसरीकडे हलवायचं. ते घर त्याच्या वडिलांचं होतं आणि वडील तिथे एकटेच राहत होते.

त्याने आलेख जवळ ओढला. आंघोळीच्या या वेळा त्याच्या ओळखीच्या होत्या. साडेपाचला आई. सहाला बाबा. साडेसहाला ताई, चांगला अर्धा तास. सात-वीसला तीन मिनिटं, तो स्वतः. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. ताई सासरी. आणि त्याने त्या न्हाणीघरात पाऊल ठेवल्याला दोन वर्षं होत आली होती.

वडील गटारखात्यातलेच, निवृत्त मुकादम. मीटर ओळखून म्हातारा आपल्याच पोराच्या डोळ्यांत धूळ फेकतोय, असं त्याला वाटलं. राग आला, हसूही आलं. संध्याकाळी तो सरळ घरी गेला.

"बाबा, मी एकच माणूस लिहिलाय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "लाइन बंद होणार. माझ्याकडे राहायला चला. मला खोटं लिहिता येत नाही."

"खोटं कशाला लिहायचं? एकटाच तर आहे मी."

"मग मीटरला फसवायला रोज पहाटेपासून नळ का सोडता?"

"कसला मीटर?"

वडील थट्टा करत नव्हते. तो खुर्चीत बसला.

"न्हाणीत पाणी वाजलं की घरात कुणीतरी उठलंय असं वाटतं," वडील म्हणाले. "एकेकाच्या वेळेला सोडतो. सकाळ बरी जाते." मग जरा ओशाळून, त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "तुझं तेवढं फार लवकर संपतं."