आख्यानाची फाईल

चौथ्यांदाही प्रोग्राम चालू झाला, दोन सेकंद थांबला आणि आपणहून बंद पडला.

सायबर पोलीस ठाण्यातल्या एस्तेरने वहीत वेळ लिहिली. टेबलावर दोन संगणक होते, दोन्ही बाहेरच्या जगापासून तोडलेले. पहिल्यावर तिने खोटे पासवर्ड भरून ठेवले होते. तिथे प्रोग्राम मुरलेल्या चोरासारखा वागला. आधी माऊस हलतोय का, म्हणजे खरंच कुणी वापरतंय का, ते पाहिलं, मग ब्राउझरमधले पासवर्ड उचलले, फाईली चाळल्या, सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि बाहेर पाठवायला निघाला. दुसऱ्यावर संशयित जोएलच्या डिस्कची हुबेहूब प्रत होती. तिथे तो उंबऱ्यात पाऊल टाकून मागे फिरत होता.

नेमकं तेच जोएलच्या मुळावर आलं होतं. राहुरी, श्रीगोंदा भागातल्या दोनशे संगणकांतले पासवर्ड गेले होते. राहुरीत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या जोएलच्या दुकानातही हा प्रोग्राम सापडला, पण तिथून काहीच गेलं नव्हतं. चोर स्वतःच्या घरी चोरी करत नाही, असं तपास अधिकारी आप्पासाहेबांचं म्हणणं. दुसरं काही निघालं नाही, तर पाच वाजता अटक होणार होती.

बाहेर बाकावर जोएलचे वडील, शांतवन गुरुजी, सकाळपासून बसले होते. शाळेतून निवृत्त झाले, कीर्तनातून नाही. नाताळाच्या आधी चर्चपुढे ते झांजा घेऊन उभे राहिले, की ख्रिस्ती नसलेली घरंही सतरंजीवर येऊन बसत. गाणं त्यांचं, पेटी त्यांच्या पत्नी मरियाबाईंची. एस्तेर लहानपणी कितीदा तरी त्याच सतरंजीवर झोपून गेली होती. ओळख असल्याचं तिने आप्पासाहेबांना आधीच सांगितलं होतं.

ती चहा घेऊन बाहेर गेली, तेव्हा गुरुजींनी तपासाचं काही विचारलं नाही. कप हातात घेत एवढंच म्हणाले, "तू तुझं काम कर पोरी. खरं असंल ते सांग. माझ्याकडं बघू नको."

मग तिने प्रतीवरचा एकेक फोल्डर काढत प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवला. अकराव्या फोल्डरला तो जागा झाला आणि पासवर्ड उचलू लागला. फोल्डर कीर्तनांचा होता.

त्यातली एकच फाईल त्याला हवी होती: बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं आख्यान. घुसल्यावर तो आधी ती शोधायचा. नाव जुळलं आणि आकारही शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला, एका सेकंदाचाही फरक नसला, तर कशालाही हात न लावता निघून जायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठेवलेली खूण होती ती.

आप्पासाहेबांनी गुरुजींना आत बोलावलं. ही फाईल कुणाकुणाकडे आहे, असं विचारलं.

गुरुजींनी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी जोएलनेच ते आख्यान रेकॉर्ड केलं होतं. मरिया गेल्यानंतरच्या नाताळात तिची आठवण म्हणून चर्चच्या मंडळीतल्या एकशेचाळीस घरांत त्याचे पेनड्राइव्ह वाटले. एक एस्तेरच्या आईच्या कपाटातही होता.

"म्हणजे चोर भाविक हाय," आप्पासाहेब म्हणाले. "आपल्या मंडळीला सोडून बाकीच्यांना लुटतोय."

एकशेचाळीस घरांतून एकट्या जोएलवर बोट ठेवायला आता आधार उरला नव्हता. पाचला दहा कमी असताना त्याला घरी जायला सांगितलं. त्याने एस्तेरला हात जोडले. दुकान तीन दिवस बंद होतं, पोरांच्या फॉर्मची मुदत संपत आली होती, तो घाईत होता. दारातून मात्र मागे फिरला.

"ताई, डिस्क परत देताना ती फाईल तेवढी राहू द्या."

एस्तेर हो म्हणाली. तो पायऱ्या उतरून गेला.

गुरुजी जबाबावर सही करायला थांबले होते. सही झाली, तरी उठले नाहीत. थोडं ऐकव म्हणाले. एस्तेरने फाईल मधूनच लावली.

झांजा, तबला, पेटी. गुरुजींचा तेव्हाचा खडा आवाज. आख्यानातला मुलगा डुकरांच्या शेंगांवर दिवस काढून घराकडे निघालेला. आणि ऐन चढावर आवाज थांबला. पुढचं पद आठवेना. नुसती पेटी वाजत राहिली. मग तिच्यामागून एका बाईचा आवाज हळूच आला, "बाप उभा वाटेवरी, डोळा लागला दूरवरी..." गुरुजींनी ओळ उचलली आणि सतरंजीवरची सगळी माणसं गाऊ लागली.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"मरिया," ते म्हणाले. "जन्मात एवढी एकच ओळ गायली ती, मी अडकलो म्हणून. मला तवा लाज वाटली. वाटायच्या आधी एवढं काप, असं मीच जोएलला सांगितलं. सगळ्या घरांत गेलं ते कापलेलं. ही अख्खी फाईल त्यानं एकट्यानं ठेवली. कुणालाच दिली न्हाई, मलासुद्धा."