छपराचा पूल

"झालं! सगळं जग मोजलंस, तेवढा पूल मोजायचा राहिला," लोइस नवऱ्याला म्हणाली.

होझिया थ्रॉलने घोडे थांबवले. त्याने स्वतः डोकं लढवून बनवलेला अवाढव्य लाकडी रोलर पुलाच्या छपराशी अडला होता. बर्फ उपसायचा नाही, दाबायचा, म्हणजे स्लेज, त्या बिनचाकी घसरगाड्या, सुसाट धावतात, असं त्याचं म्हणणं. डोंगरवस्तीने त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवली होती.

आज मार्चची गावसभा; पुलापलीकडे गावात मतदान होतं. राज्याच्या विधानसभेसाठी होझिया उभा होता आणि डोंगरवस्तीची मतं विरोधात जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वादळाने वस्तीचा रस्ता बुजला तेव्हा त्याचे मित्र खूश झाले. हा पठ्ठ्या मात्र उजाडताच पुलाअलीकडच्या आपल्या शेतावरून रोलर घेऊन वर गेला आणि रस्ता करत खाली आला. वस्तीवाल्यांच्या स्लेज त्याच्या मागोमाग आल्या.

रोलर बाजूला घेता आला असता. पण छपरामुळे पुलावर बर्फच नव्हता. कोरड्या फळ्यांवर स्लेज इंचभर सरकत नाही, म्हणून दर वादळानंतर गाव पुलावर फावड्यांनी बर्फ पसरतं. आज निवडणुकीच्या गडबडीत सगळे विसरले होते.

"चला रे माघारी!" वस्तीतला म्हातारा जोथम स्लेजमधून ओरडला. "थ्रॉल, त्या रोलरचं जळण कर. तेवढा तरी उपयोग होईल!"

वस्तीवाले खो खो हसले. होझियाला ते फार लागलं. नुसता गप्प उभा राहिला असता तरी निवडणूक त्याच्या खिशात होती. त्याने रोलर बाजूला घेतला, फावडं उचललं आणि पुलावर बर्फ टाकू लागला.

"अरे, ते तुला पाडायला निघालेत!" लोइस म्हणाली.

"माहीत आहे. पण मत त्यांचं आहे, पोचायला नको?"

"धन्य आहेस बाबा! आम्हा बायकांना मताचा हक्क नाही, पण हात आहेत," म्हणत तिनेही फावडं घेतलं.

दिवस कलताना मतं मोजली. होझिया निवडून आला, तोही डोंगरवस्तीच्या जोरावर! त्याचा आनंद गगनात मावेना. त्याने जोथमचे दोन्ही हात धरले.

"म्हणजे पटला ना माझा रोलर, जोथमकाका?"

"रोलर गेला चुलीत," जोथम म्हणाला. "आम्ही मत दिलं फावड्याला."