शून्याचं टोक

आम्हा आर्किटेक्चरच्या मुलांना घेऊन सर जुन्या वाचनालयाची मापं काढायचे. टेपचं शून्याचं टोक मात्र स्वतःच धरायचे; त्या बाबतीत आमच्यावर काडीचा विश्वास नव्हता. टोक भिंतीला नीट टेकलं की टेपला दोन हलके हिसके द्यायचे, मग आम्ही आकडा वाचायचा. सर अचानक वारले आणि मागची खोली मोजायची राहून गेली.

उद्या इमारत पाडणार होते. मैत्रीण आधीच आत पोचली असेल असं समजून मी त्या खोलीच्या दारातूनच टेप अंधारात सरकवली. पलीकडून ती ताणली गेली. आकडा वाचायला वाकले, तेवढ्यात मैत्रीण मागून धापा टाकत आली.

"सॉरी गं, बस चुकली. थांब, टोक मी धरते."



आतून टेपला दोन हलके हिसके बसले.