शनिवारचं पाणी

शनिवारी नऊ ते दहा नळ मॉरीनचा. दक्षिण टेक्सासातल्या त्या फिरत्या घरांच्या तळावर गाड्या धुवायला पाणी मोजून मिळे. तास चुकला की गाडी आठवडाभर तशीच.

त्यांचं चाळीस फुटांचं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, चिखलानं माखलं होतं. नवऱ्यानं, डेल्बर्टनं, ते परवाच ह्यूस्टनहून आणलं होतं. तीन आठवडे दुरुस्तीला होतं म्हणे, आणि तोही तिथंच थांबला होता. आता तो गाडीकडे पाठ करून, दाराबाहेरच्या छताखाली कॉफी पीत बसला होता. दुपारच्या पंगतीसाठी त्यानं पांढरा सदरा घातला होता. आजची पंगत त्यांच्याच दारात होती.

"खालून वर धू बरं का," तो म्हणाला. "वरून साबण सोडलास तर ओघळ राहतात."

"सतरा वर्षं मीच धुतेय रे."

गाडीच्या दाराशेजारी, बाहेरच्या बाजूला, देशाचा नकाशा लावला होता, दीड हात लांबीचा. नवरा-बायकोनं ज्या राज्यात रात्र काढली, त्याचाच रंगीत तुकडा सकाळी त्यावर चिकटवायचा आणि परतल्यावर पंगतीत त्याची हकीकत सांगायची, असा तळावरचा रिवाज. स्वतःचा वाढदिवस विसरणारा डेल्बर्ट तुकडा लावायला कधी विसरत नसे.

मॉरीननं आधी नकाशा पुसायला घेतला. चिखल निघाला आणि खाली एक लाल तुकडा दिसला. कोरा करकरीत. आर्कान्सा.

ती जागा त्यांनी मुद्दाम रिकामी ठेवली होती. सप्टेंबरात लग्नाला पन्नास वर्षं झाली की तिथल्या गरम झऱ्यांवर जायचं ठरलं होतं.

तिनं हातातलं फडकं पिळलं.

"ह्यूस्टनला उकडत होतं का रे?"

"विचारू नकोस. गॅरेजात बसून नुसत्या घामाच्या धारा."

तेवढ्यात पलीकडची ट्वायला बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन आली. महिन्यापूर्वी ती काठीशिवाय चालत नव्हती.

"अगं, काठी कुठाय तुझी?" मॉरीननं विचारलं.

"टाकली! तीन आठवडे बहिणीकडे होते ना. तिनं जपलं बाई."

"गरम पाण्यात बसवत असेल."

ट्वायलानं डेल्बर्टकडे पाहिलं. डेल्बर्ट कपात बघत राहिला. ट्वायला भांडं टेबलावर ठेवून घाईनं निघून गेली.

बादली दोघांच्या डोक्यावर ओतावी, असं मॉरीनला वाटून गेलं. पण ती क्षणात रिकामी झाली असती.

तिनं मेणाची डबी आणली. जुन्या टूथब्रशनं आर्कान्साच्या कडा कोरून साफ केल्या, मेण लावून तो तुकडा आरशासारखा घासला. मग चाकामागचा ओला चिखल ओंजळीत घेतला आणि बाकीच्या सगळ्या राज्यांवर जाड लिंपला. अगदी शांतपणे, केकवर क्रीम लावावं तसा.

दहाला व्यवस्थापक हर्शेल आला. तिनं नळी गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"हे काय, धुतली कुठेय?"

"मला हवं तेवढं धुतलं."

डेल्बर्ट वळला. नकाशा दिसला आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं फडकं उचललं. पण मंडळी ताटल्या घेऊन टेबलं मांडायला आली होती. चारचौघांत पुसणार काय? तो नकाशाला पाठ टेकून उभा राहिला.

पंगत बसली, ट्वायला पार टोकाला. मक्याची कणसं आली, भाजलेलं मांस आलं. डेल्बर्ट उभाच.

"बस की रे," कुणी म्हणालं.

"इथंच बरं वाटतंय."

"पाहुण्यांना वाढायचं सोडून भिंतीला टेका देतोस होय?" मॉरीन म्हणाली. "ये इकडे. बस."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. नाइलाजानं तो पुढे आला, टेबलाशी वळला. पांढऱ्या सदऱ्याची पाठ चिखलानं भरली होती. मधोमध चार बोटांएवढी एक जागा मात्र स्वच्छ राहिली होती.

"हे मध्ये काय राहिलंय?" हर्शेल हसला.

"आर्कान्सा," मॉरीन म्हणाली. "हकीकत सांगेल आता तो."

आणि तिनं डेल्बर्टशेजारची खुर्ची ट्वायलासाठी ओढली.