फेबियनच्या गाडीची मूठ

फेबियनची मोटारसायकल त्या आठवड्यात तिसऱ्यांदा सॅन्टनच्या पडवीपुढे थांबली, तेव्हा क्लारा समोरच्याच मावशीच्या घरात लग्नाच्या झग्याचं माप देत होती. कमरेभोवती टाचण्या. हलायची सोय नाही.

"आला बघ तुझा नवरा," तिची मावसबहीण फ्लॉसी तोंडातली टाचणी न काढताच म्हणाली. "गिरीजहून नंदाखालला, एवढ्या लांब, सारखा सारखा. गाडीच बिघडते ना त्याची?"

"वेगाची मूठ अडकते. एकदा पिळली की परत फिरत नाही. परवा सकाळी सरळ केळीच्या बागेत घुसला."

"आणि ती सोडवायला रेजिनाच लागते."

 क्लाराने खिडकीतून नजर हटवली नाही.

सॅन्टन लढाईत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून परतलेला माणूस. आता त्याला जवळचं नीट दिसत नसे, म्हणून बारीक काम त्याची मुलगी रेजिना करायची. डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत काळे हात. फेबियनची गाडीही लष्कराच्या लिलावातलीच. कळंबच्या वाळूत घाला, चिखलात घाला, ती निघायची. फक्त ही मूठ सोडून.

सोमवारीही क्लाराने याच खिडकीतून पाहिलं होतं. मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी वायर रेजिनाने नळीतून ओढून काढली होती, वेणीतून गजरा काढावा तशी अलगद. फेबियन शेजारी बसून पाने-पक्कड पुढे करत होता आणि रेजिना कशाला तरी हसली होती. त्या दिवशी क्लाराला जेवण गेलं नव्हतं.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"अगं, टाचण्या टोचतील."

"टोचू दे."

देवळात दोन रविवार मिस्साच्या प्रार्थनेत लग्नासाठी तिचं आणि फेबियनचं नाव वाचून झालं होतं. कोणाची हरकत असेल तर ती तिसऱ्या वाचनाच्या आत फादरना सांगायची. तिसरा रविवार चार दिवसांवर होता.

पडवीत शिरून ती फेबियनकडे न बघता रेजिनाजवळ जाऊन उभी राहिली. अगदी जवळ.

"काय बिघडलंय?"

"काही नाही," रेजिना म्हणाली. "घरी हट्ट करते आणि इथे आली की शहाणी होते. काही पोरं असतात ना तशी." तिने मूठ पिळून सोडली. मूठ झटकन मागे आली. "बघ. माझ्यापुढे नखरे नाहीत."

फेबियन हसला. क्लारा हसली नाही.

"अडकते कधी?" तिने त्याला विचारलं.

"सकाळी. दहाच्या पुढे सुतासारखी चालते."

"दुपारी कधीच नाही?"

"नाही. तू काय पोलीस झालीस?"

"वायरला तेल कसलं घालतोस?"

"आमच्या घाण्याचं, नारळाचं. आई रहाटाला घालते, दाराच्या बिजागरीला घालते, डोक्याला घालते. मग गाडीने काय पाप केलंय?"

 क्लारा म्हणाली, "थंडीत ते थिजतं. माझी बाटली रोज उन्हात ठेवावी लागते, तेव्हा कुठे केसांना तेल मिळतं. नळीत पण थिजत असणार. ऊन चढलं, इंजिन तापलं की पातळ होतं. म्हणून इथे येईपर्यंत सगळं ठीक."

कोपऱ्यात बसलेला सॅन्टन उठून पुढे आला. रेजिनाने वायर ओढून काढली, तिचा वास घेतला आणि खाली मान घातली.

"तीनदा उघडली मी," ती पुटपुटली. मग रॉकेलचा डबा तिने क्लारापुढे सरकवला. "धू आता तूच. का झगा खराब होईल?"

क्लाराने बाह्या सरसावल्या. नळी रॉकेलने धुतली, दोनदा. वायर पुसली, मशीनचं तेल सोडलं, परत ओवली. शेवटचा नट ती आवळत होती, तेव्हा फेबियनने तिच्या हातातून पाना काढून घेतला. आपल्या रुमालाने तिची बोटं एकेक करून पुसली.

"पुरे. हे हात घेऊन देवळात उभी राहशील? रेजिनाचं ठीक आहे, तिला भाऊ नाही. तुला आमच्या घरी असली कामं करायची नाहीत."

रेजिनाने तोंड फिरवलं. क्लाराने ते पाहिलं.

शुक्रवारी सकाळी गिरीजला कडाक्याची थंडी होती. सहा वाजता फेबियन क्लाराच्या अंगणापुढे गाडी घेऊन आला. मूठ पिळली, सोडली. मागे आली. पुन्हा पिळली. पुन्हा आली.

"सुटलो," तो म्हणाला. "आता नंदाखालला जायचं काही कारणच उरलं नाही."

"हो," क्लारा म्हणाली.

ही बातमी ऐकून फ्लॉसीने टाळीच दिली. "जिंकलीस तू. आता शांत झोप."

क्लारा झोपली नाही. शनिवारी सकाळी झग्याचं शेवटचं माप द्यायचं होतं. ती नंदाखालला गेली, पण फ्लॉसीकडे फक्त पाणी प्यायली. दुपारी परत येऊन ती थेट फादरांच्या दाराशी उभी राहिली.

"उद्या आमची नावं वाचू नका, फादर. मला हे लग्न करायचं नाही."

फादरांनी चष्मा काढला. गावात काय बोललं जातं ते त्यांच्याही कानावर आलेलं होतंच.

"फेबियनच्या हातून काही चुकलं?"

"नाही."

"मग त्या रेजिनाचा हेवा वाटतो तुला. खरं सांग."

"वाटतो, फादर. फार वाटतो."

"वेडी आहेस. मुलगा सरळ आहे, त्याच्या मनात तूच आहेस. हेवा सोड आणि उद्या येऊन पुढच्या बाकावर बस."

"नाही सुटत, फादर," क्लारा म्हणाली. "म्हणून तर आज सॅन्टनकाकांना विचारून आले. सोमवारपासून मी तिथे कामाला जाणार आहे."