चालताना नऊ

"जाताना आठ, येताना पाच," बबिता धापा टाकत म्हणाली. "अन् पुलापशी चालताना नऊ."

योगीराजचं पेन वहीवर अडलं. त्यानं मान वर करून पोरीकडं पाहिलं. कमरेवर हात ठेवून ती उभी होती, पण तोंड मात्र आलेल्या रस्त्याकडंच होतं.

"उलटं सांगायलीस का काय? पळताना पाच अन् चालताना नऊ?"

"न्हाई सर. तुमीच म्हनलात, आकडा खरा सांगायचा."

म्हणाला होता खरं. पोलीस भरतीत स्वतः दोनदा हुकलेला हा गडी आता गावातल्या पोरींना फुकट तयार करत होता, आणि त्याची सगळी मास्तरकी या आकड्यावर उभी होती. नाडी मोजणारं महागाचं घड्याळ इथं कुणाच्या मनगटावर असणार? म्हणून अंगाला किती जड गेलं ते दहापैकी सांगायचं. एक म्हणजे बाजेवर पडल्यासारखं, दहा म्हणजे आता जीव जातो. कडुनिंबापासून फरशीच्या पुलापर्यंत चारशे मीटर जोरात, तिथं आठ आलं पाहिजे. पुलापाशी दोन मिनिटं चालायचं, आकडा तीनवर उतरला पाहिजे. मग कडुनिंबाखालून योगीराजची शिट्टी वाजली की परत जोरात. पूल वळणापलीकडं होता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पुरुषभर ज्वारी उभी होती, त्यामुळं तिथलं इथून काही दिसत नव्हतं.

"बरं, येतानाचं टायमिंग बघ," तो खुशीत म्हणाला. "जातानापेक्षा सात सेकंद कमी! कुत्रं मागं लागल्यागत पळायलीस. भरतीच्या ग्राउंडला अशी पळालीस तर कुनाची टाप हाय तुला मागं टाकायची?"

बबिता हसली नाही. एरवी एवढ्या कौतुकावर ती ओढणीत तोंड लपवून हसायची. मेंढपाळ येडबाची ही लेक चालायला लागली तशी मेंढरांमागं रान तुडवत आलेली. दोन मिनिटं चालून तिला नऊ? योगीराजला ते आता कुठं खुपलं.

त्यानं वहीची मागची पानं उलटली. बबिताच्या जोडीला पळायची ती दैवशाला, तिचं पान निघालं. पाय मुरगळल्याचं सांगून आठ दिवसांपासून ती यायची बंद झाली होती. तिच्या शेवटच्या तीन दिवसांचे चालतानाचे आकडे होते आठ, नऊ, नऊ. प्रत्येकापुढं लाल पेनानं प्रश्नचिन्ह होतं. ते त्यानंच काढलं होतं, आणि पान उलटून मोकळा झाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

"पुलापशी कोन असतं गं?"

बबिता ओढणीची गाठ सोडून परत बांधायला लागली.

"कोन असतं, बबिता?"

"मला पळायचं हाय, सर," ती एकदम म्हणाली. "बापाला कळलं की पळनं बंद. ग्राउंड बारा दिवसावर आलंय. तुमी नका इचारू."

"चल. या फेरीला मी येतो संगं."

"नका येऊ, सर."

पोर लाजते आहे, असं त्याला वाटलं. शिट्टी खिशात टाकून तो निघालासुद्धा. ती मागून आली. आज पहिल्यांदाच रेंगाळत, पाय ओढत. ज्वारीवर अजून दव होतं. वळण संपलं तसा पूल दिसला आणि पुलावर लावलेली मोटरसायकल दिसली. तिचा नंबर वाचायची योगीराजला गरज पडली नाही. गाडी त्याच्याच घरची होती.

कठड्यावर त्याचा धाकटा भाऊ माऊली हुरड्याचं कणीस हातावर चोळत बसला होता.

"दादा, तू आलास व्हय आज?" माऊली उठला नाही. "म्हनलं, एकलीच पळायली बिचारी. जरा सोबत करावी." तळहातावरचा कोंडा फुंकून त्यानं दाणे तोंडात टाकले आणि बबिताला खालपासून वरपर्यंत सावकाश न्याहाळलं. "आधी दोघी यायच्या."

योगीराजच्या जिभेवर शिवी आली होती. हात उचलायचंही मनात आलं होतं. मग डोळ्यांपुढं घर आलं, वडील आण्णा आले, चावडीवर होणारी चर्चा आली. शेवटी तोंडातून निघालं ते भलतंच.

"आण्णानं पानी द्यायला सांगितलं होतं ना तुला? मोटर चालू केलीस का?"

"करतो की. ही गेल्यावर."

ज्वारीत कुठंतरी पाखरं फडफडली. योगीराज उगाच त्या दिशेनं पाहत राहिला. मग तो बबिताकडं वळला.

"चल बबिता, परत जाऊ. घाबरू नको. मी हाय तुझ्या मागं."

बबिता जागची हलली नाही. तिनं माऊलीकडं पाहिलं, मग योगीराजकडं पाहिलं. दोन्हीकडं सारखंच पाहिलं.

"तुमी पन इथंच थांबा, सर," ती म्हणाली. "माझ्या मागं येऊ नका."

दोघा भावांवरची नजर न काढता ती एकेक पाऊल मागं सरकत गेली, आणि वळण आल्यावरच पाठ फिरवून पळाली.